पट्टी खोटी न्हवती

आमचं गाव मुठा खोऱ्यात, पार वरच्या अंगाला, ताई, तुमी जितं घर बांधलंय ना त्याच्याबी वर, डोंगराच्या पोटाला. तीन खाचरं भाताची, आन आमी चार भाऊ. पावसाळ्यात रोपांची आवनी आन मंग काय, वाट बगत बसायचं. मला काय बसवंना. इसाव्या वर्षी मी पौडाच्या एका गवंड्याच्या हाताखाली गेलो, आन तितनं जे गुडग्यावर बसलो त्ये चाळीस वर्सं उटलोच न्हाई आसं समजा. फरशीवाला म्हंजी गुडग्यावरचा मानूस. आमाला लोकांची घरं खालनंच दिसत्यात.

आदी शाबादी बसवली, शाळंच्या खोल्यांना, देवळाच्या मंडपाला. मंग ती ठिपक्याठिपक्याची मोजाईक आली. मंग ह्या चकचकीत टाइला आल्या आन पुन्याची मानसं हिकडं बंगलं बांधाया लागली, तवा आमाला दम खायाला फुरसत न्हवती. आन काय सांगू तुमाला, ह्या धंद्यानं मला एकच शिकवलं, कुनाच्या बोलन्यावर जायाचं न्हाई. खोक्यावर एक रंग लिवलेला आसतोय आन आत दुसरा. वाळू धुतलीय म्हनत्यात आन मुठीत धरली की निम्मी माती. म्या बसवलेल्या फरशीवर मी बोटाच्या पेरानं वाजवत फिरायचो, पोकळ वाजली की काढ, परत बसव. लोकं हासायची, म्हनायची दत्तूमिस्त्री फरशीवरबी संशय घेतुया. म्या म्हनायचो घेतुया, म्हनून तर तुमची फरशी हालंना. आता ह्यो सवभाव कामावरच ऱ्हायला आसता तर बरं व्हतं. पन त्यो घरी येतुयाच की मानसाबरूबर. जेवायला बसलो तरी भाकरी उलटी करून बगायचो, म्हनजी बगा.

बायकू माजी, सुमन तिचं नाव. ती बी काय घरात बसनारी न्हवं. ताम्हिणीच्या रस्त्याला एक ढाबा हाय, तितं ती भाकऱ्या थापायला जायाची, सकाळच्या जीपनं. पावसाळ्यात तितं ही गर्दी, धबधबं बगायला आलेली मानसं, आन समद्यांना चुलीवरची भाकरी पायजे. तिच्या हातची भाकरी मागून घ्यायची मानसं, नावानिशी. तिला त्याचा लई मान वाटायचा. घरी आली की सांगायची, आज एका बाईनं माजा हात धरून बगितला, म्हनाली मावशी येवडा पातळ पदर कसा येतो. म्या म्हनायचो, फुकट शिकून घेत आसंल. आसं बोलायचो मी.

आठ वर्सामागं आमी हे घर बांधलं, रस्त्याच्या कडंला. फरशी म्या सोता निवडली, सोता बसवली. पांढरी, आरशावानी, वाकून बगितलं की तोंड दिसायचं त्यात. लोकांच्या बंगल्यात बसवून बसवून माज्या मनात बसली व्हती ती. सुमन पयल्याच दिशी म्हनाली, अवं, हिच्यावर चालायचं भ्या वाटतंय. म्या म्हनलं, सवय व्हईल. मंग सादारन तीन वर्सामागं ती म्हनाया लागली, न्हानीच्या दारापुडं फरशी वली आसती. न्हानी म्हंजी आमची आंगूळीची मोरी, तुमी बातरूम म्हनता ती. म्या म्हनलं, तूच बादली हिंदकाळत नेतीस, दुसरं कोन वलं करनार. ती म्हनाली, बादली न्हाई नेली तरी वली आसती. म्या म्हनलं, मंग पाय पुसून येत न्हाईस. दोनतीनदा म्हनाली आन मंग म्हनायची बंद झाली. मला वाटलं, बगा, बोललो म्हनून सुदारली.

गेल्या साली, गणपती जाऊन चारच दिस झालं व्हतं. मी हितंच कट्ट्यावर च्या घेत बसलोवतो, सकाळची येळ, जीप यायची व्हती, आन आतनं धाडकन आवाज. आरडली न्हाई ती. त्याचंच मला भ्या वाटलं, आरडलीच न्हाई. जाऊन बगतोय तर न्हानीच्या दारात आडवी, एक पाय भलतीकडंच वळलेला, आन माज्याकडं बगतीय. म्हनाली, मला उचलू नगा, आतनं काय तरी तुटलंय. खुबा मोडलेला. पुन्याला नेली, सळई घातली, आन डाक्टरीनबाईनं मला आन संतोषला भाईर बोलावून सांगितलं, आता परत पडल्या तर उटनं अवघड हाय, घरी फरशी कसली हाय, ती गुळगुळीत आसंल तर आदी तिचं काय तरी करा. संतोष म्हंजी माजा पोरगा, पिरंगुटला कंपनीत हाय. त्यानं माज्याकडं बगितलं न्हाई. खाली बगत व्हता. मला त्ये लागलं.

घरी आल्यावर सूनबाई, रूपाली तिचं नाव, ती बी पिरंगुटलाच एका हापिसात कामाला जाती, ती म्हनाली, मामा, आमच्या हापिसात विनायलची फरशी टाकलीय, लाकडासारखी दिसते, पायाला गार लागत न्हाई, आन वल्या पायानं चाललं तरी पाय सुटत न्हाई. आन जुनी फरशी फोडावी लागत न्हाई, हिच्यावरच बसती. म्या म्हनलं, विनायल म्हंजी पलास्टिकच ना? ती म्हनाली, व्हय, पन जाड आसतं, थराथराचं. म्या म्हनलं, रूपाली, चाळीस वर्सं दगडात हात घातलेल्या मानसाच्या घरात पलास्टिक? आतनं सुमनच बोलली, खाटंवरनं, दगडानं काय दिवं लावलं त्ये दिसतंयच की.

मंग गेलो दुकानात, पिरंगुटच्या बाजारात, रूपाली आन मी. दुकानदार लई गोड बोलायचा. काका बसा, काका थंड घ्या. आता मला कोन थंड द्याया लागलं की मी आदी मालाकडं बगतोय. त्यानं पट्ट्या मांडल्या, इतभर रुंद, तीन हात लांब, एकात एक आडकवायच्या, खाली शिमिट न्हाई का काय न्हाई. ह्यो साग, म्हनं, ह्यो आकरोट. म्या म्हनलं, साग म्हनू नगा, सागाचं चित्र म्हना. त्यो हासला, म्हनाला बरूबर काका, चित्रच हाय, पन चित्रावर जो पारदर्शक थर आसतो ना, खरी किंमत त्याची, त्यो पातळ आसला तर दोन वर्सात खुरचीचे पाय चित्र खाऊन टाकत्यात. म्या म्हनलं, मंग तुमचा जाड हाय त्ये कशावरनं? त्यानं एक तुकडा कापून कडा दावली. कडा बगून मला काय कळनार, म्या त्यो तुकडा पिशवीत टाकला आन म्हनलं, ह्यो माज्याकडं ऱ्हाऊ द्या, मंग बोलू. त्यो दुकानदार म्हनला, काका, पानी लागलं तरी काय व्हत न्हाई, गॅरंटी. ह्यो शबुद ऐकला की माजं टाळकं सटकतंय. आवो, मुळशीच्या पावसाची गॅरंटी देव देत न्हाई, तू कोन.

घरी येऊन म्या त्या तुकड्याची सालं काढली म्हना ना. आठ दिस बादलीत बुडवून ठिवला. काय झालं न्हाई, फुगला न्हाई. छिन्नीनं वरखडला, वरखडा उटला पन वाईच. पाटा वढला त्याच्यावरनं. पत्र्यावर उन्हात ठिवला तर जरा वाकडा झाला, म्या खूश, रूपालीला म्हनलं, हे बग. ती म्हनाली, मामा, आपल्या घरात पत्र्यावानी ऊन कुटं येतंय. मंग तापलेला तवा ठिवला. तवा उचलला तर काळी चांदकी. म्या त्यो तुकडा घेऊन सुमनकडं गेलो आन म्हनलं, बगितलं का, जळलं. तिनं तुकडा हातात घेतला, फिरवला, आंगठ्यानं घासला आन म्हनाली, जिमिनीवर तवा कोन ठिवतं? आन पाय खाली सोडून त्यो तुकडा पायाखाली घेतला. चांगली वाकरच्या आदारानं उबी ऱ्हायली त्याच्यावर, त्या चौकोनी कुबडीच्या. म्हनाली, धरतंय पायाला. ह्येच घाला.

मंग पट्ट्या सांगितल्या. पन मला वाटत व्हतं, दावला एक आन देनार दुसरा, ह्योच धंदा चालतोय समदीकडं. खोकी आली तशी म्या एकेक फोडली, प्रत्येक खोक्यातली एक पट्टी त्या जळक्या तुकड्याला लावून बगितली, जाडी, कडा, आडकवायची खाच. टेम्पोवाला कटाळला. समदी बरूबर. एकबी खोटी निगाली न्हाई. खरं सांगू का ताई, मला आनंद व्हायला पायजे व्हता, पन मला रागच आला. येवडं धुंडाळून काय सापडलं न्हाई की मानूस रिकामा व्हतोय.

दुकानदारानं बसवनारा पाटवला, मुकेश म्हनून, बिहारकडचा, चाळिशीचा गडी, हिंदीतनं बोलनारा. त्यानं येऊन पट्टीला हात लावला न्हाई. आदी समद्या घरात फिरला, न्हानीच्या दारात थांबला, वाकला, दोन टाइलांच्या मदल्या फटीवर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. मला म्हनाला, चाचा, यहाँ नमी है. म्या म्हनलं, कसली वल, दिवाळी हून गेली, पाऊस थांबून महिना झाला, बायका पानी सांडत्यात, दुसरं काय. त्यो म्हनाला, हो सकता है, पर देखना पडेगा, ह्ये आसं वरनं झाकून टाकलं तर नीचे पानी सडेगा, बास येगी, पट्टी उटेगी, आन लोग बोलेंगे मुकेश ने काम खराब किया. त्यानं पलास्टिकच्या कागदाचं चार तुकडं कापलं, येक सैपाकघरात, दोन भाईरच्या खोलीत, येक न्हानीच्या दारापुडं. चारी कडांना चिकटपट्टी लावली, गच्च. म्हनाला, तीन दिन हात मत लगाना. आन गेला.

माज्या मनात काय आलं सांगू? ह्यो मानूस आता सांगनार की जमीन वली हाय, म्हंजी औशद मारायचं काम निगालं, म्हंजी ह्येचं काम वाढलं. तीन दिस मी त्या कागदांकडं चोरावानी बगत व्हतो. चवथ्या दिशी मुकेश आला. तीन कागद कोरडं ठाक. न्हानीपुडचा काडला तर त्याला आतनं थेंब, दवावानी, आन खालची फट काळी. त्यो काय बोलायच्या आदी म्या म्हनलं, तू लावतानाच वलं फडकं फिरवलं आसशील. आसं म्या म्हनलं त्याला, माज्या दारात उबा ऱ्हाऊन. त्यो म्हनाला, चाचा, आप भी मिस्त्री हो. आप खुद लगाओ.

लावला. म्या जिमीन सोता पुसली, पंखा लावून सुकवली, सोता कागद कापला, सोता चिकटपट्टी लावली. रूपालीला आन संतोषला सांगितलं, दोन दिस कोनी ह्या दारानं जायाचं न्हाई, आंगूळ मागच्या पडवीत. आन खुरची टाकून मी तितं बसलो. दिसभर. सुमन खाटंवरनं बगत व्हती. दुसऱ्या दिशी दुपारी जेऊन परत बसलो तर कागदाच्या खाली पयला थेंब धरला व्हता. कोनी पानी वतलं न्हवतं, कोनी पाय ठिवला न्हवता. मी बसलोय आन माज्या म्होरं थेंब मोटा व्हतुया.

उटलो, छिन्नी हातोडा घेतला आन माजीच फरशी फोडली. पयल्या घावाला चीर गेली, दुसऱ्याला तुकडा निगाला. खालचा शिमिट-वाळूचा मसाला काळाकुट्ट, हातात घेतला तर चिखलावानी. उकरत उकरत गेलो, इतभर खाली न्हानीत जानारा पान्याचा पाइप. त्यो पाइपबी म्याच टाकला व्हता. आटवलं मला, सगळं आटवलं. त्या येळी मुठ्याला एका बंगल्याचं काम धरलेलं, मालक रोज फोन करायचा, म्हनून घरची न्हानी म्या दोन दिसात उरकली व्हती. अखंड पाइप आनायला पौडाला जायाचा कटाळा केला आन दोन तुकडं जोडून भागवलं. जोड नीट सुकूबी दिला न्हाई, वरनं मसाला वतला, फरशी बसवली, वाजवून बगितली, छान वाजली. त्यो जोड पाच वर्सं टिकला, मंग त्यातनं पानी झिरपाया लागलं, थेंब थेंब, आन फटीतनं वर येऊन फरशीवर पसरत व्हतं. चकचकीत फरशीवर त्ये दिसत बी न्हवतं.

हातात त्यो वला मसाला घेऊन मी सुमनच्या खाटंपशी गेलो. म्हनलं, पाइप गळत व्हता. माजा जोड. ती म्हनाली, मला ठाव हाय. म्या म्हनलं, तुला कसं ठाव? ती म्हनाली, पाइप बिइप ठाव न्हवता, पन मी सांडत न्हाई येवडं मला ठाव व्हतं. मंग परत बोलली का न्हाईस? तर काय म्हनाली सांगू. म्हनाली, बोलले की तुमी चिडायचा, म्हनून मी तुमी न्हानीकडं यायच्या आदी पुसून घ्यायची, रोज, सकाळी एकदा आन सांजला एकदा. त्या दिशीबी पुसायलाच गेलते. तुमी कट्ट्यावर च्या घेत व्हता, मला वाटलं तुमी उटायच्या आदी उरकावं, जीप यायची व्हती, घाई झाली.

काय सांगू तुमाला. चाळीस वर्सं लोकाच्या मालात खोट बगितली. वाळूत बगितली, खोक्यात बगितली, त्या बिहारच्या मानसात बगितली. आन घरात बाई दोन वर्सं फडकं घेऊन माज्या खोटीवर पानी पुसत व्हती, आन मी तिलाच म्हनायचो, तू सांडतीस.

मंग अखंड पाइप आनला. मुकेशला फोन केला. आला त्यो, त्याला म्या म्हनलं, मुकेश, गलती माजी. त्यो म्हनाला, चाचा, होता है, आन खड्ड्यात उतरून जोड माज्याबरूबर बगितला. न्हानीपुडची जिमीन उगडी ठिवून सुकवली, पंदरा दिस, आन परत कागद लावला, तीनदा लावला, कोरडा निगाला तवाच त्यानं पट्ट्यांना हात लावला. बिगीनं बसवतो गडी, एकात एक टकाटक, पन भितीपशी बोटभर जागा सोडतो, म्हनं उन्हाळ्यात ही पसरती. म्या इचारलं, का, आन त्यानं सांगितलं, आन म्या ऐकून घेतलं.

रंगाचं सांगायचं ऱ्हायलं. खोकी पयली आनली ती आकरोटाची व्हती, काळपट. सुमननं नगं म्हनलं. दुकानदारानं मुकाट बदलून दिली, म्या फोडलेली व्हती तरी. तिनं निवडली फिकट, वाळक्या पेंड्याच्या रंगाची, चमक नसलेली. रूपाली म्हनाली, आत्या, फिकटावर डाग दिसतील, लई पुसावं लागंल. ती म्हनाली, दिसू देत. पानी सांडलं तर मला दिसलं पायजे. आन पुसायला ह्ये हायेत.

तर ताई, तुमी इचारलं म्हनून सांगतो, घाला विनायल, चांगली हाय. थर कडंनं बगून घ्या, उन्हाच्या खिडकीला पडदा लावा, तवा ठिवू नगा. पन आदी कागद लावा, आन घरात कोन वलं हाय म्हनत आसंल तर त्याला इचारा कुटं. तुमच्या घरात पाय ठिवनारा उबा येऊ दे आन उबा जाऊ दे, माजं दुसरं मागनं न्हाई. ढाब्यावर ती आता जात न्हाई, इतका येळ उबं ऱ्हावत न्हाई, पन ढाबेवाला पीठ घरी धाडतो सनवाराला, ती खाटंवर बसून थापती आन मी भाजतो, दोनदा जाळली म्या. वाकर सुटलाय, काठीवर हिंडती घरात. सकाळी न्हानीपुडची जागा मीच पुसतो, कोरडी आसली तरी. ती येती, दारापशी थांबती, एक पाय आदी पुडं करती, आंगठ्यानं जिमीन चाचपती, आन मंगच वजन टाकती. मी फडकं घेऊन बाजूला बसलेला आसतो. कोरडी हाय म्हनून सांगत न्हाई. तिचं तिला बगू दे.